माझ्यासाठी ठेवलेलं दार

मी एका हिरव्या साबणाच्या डबीतून बोलतोय. डबी खरंच साबणाची आहे, मीरा रोड स्टेशनबाहेरच्या प्लास्टिकवाल्याकडून घेतलेली. तिच्या झाकणाला दोन्ही बाजूंनी कानशीनं खाचा पाडल्यात. एका खाचेतून जाड केबल निघते, ती कॉम्प्युटरला प्रिंटर जोडायच्या जागी बसते. दुसऱ्या खाचेतून राखाडी पट्टीसारखी वायर निघते आणि तिच्या टोकाला काळा कनेक्टर आहे. मला डीबगर म्हणतात. पण भाईंदर पूर्वेला ज्या गाळ्यात माझं आयुष्य गेलं, तिथे सगळे मला 'डबी'च म्हणायचे.

माझं काम सांगतो. हल्ली कुठल्याही यंत्रात एक नखाएवढी चिप असते. यंत्रानं काय करायचं ते ती ठरवते. पण तिला ना पडदा, ना आवाज. आत काय चाललंय ते बाहेरच्या माणसाला कळणार कसं? म्हणून चिप बनवणारे तिचे चार-पाच पाय माझ्यासारख्यांसाठी राखून ठेवतात. ते आमचं दार. त्या दारातून मी आत शिरतो, चिपमध्ये प्रोग्रॅम भरतो, चालता प्रोग्रॅम मधेच थांबवतो. कुठल्या ओळीवर आहेस, अमुक खणात काय ठेवलंयस, असं विचारतो. ती निमूट सांगते. मग मी तिला एकेक पाऊल चालवून बघतो.

मला संपदानं बनवलं. पेणकरपाड्यात राहणारी, डिप्लोमा करून नुकती नोकरीला लागलेली मुलगी. साल २००४. तयार डीबगर परदेशातून यायचे आणि ते तिच्या मालकांना, उत्तमसरांना परवडणारे नव्हते.

"सर, सर्किट नेटवर आहे. मी बनवते," ती म्हणाली आणि शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन सामान घेऊन आली.

माझा जन्म तिच्या घरी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर झाला, कारण घरात तेवढाच एक चांगला दिवा होता. तिची आई मागे उभी राहून म्हणत होती, "ते शिसं उचल आधी. मला कुकर लावायचाय." संपदा म्हणाली, "पाच मिनिटं गं," आणि तासभर उठली नाही. शेवटी आईनं बाथरूममधली नवी कोरी साबणाची डबी आणून दिली. "ह्यात घाल तुझं काय ते. उघड्यावर ठेवू नकोस, झुरळं फिरतात."

सोमवारी तिनं मला गाळ्यातल्या चिपला जोडलं. चिपनं स्वतःचा ओळख क्रमांक सांगितला, तो पडद्यावर उमटला आणि संपदानं टेबलावर हात आपटला. शेजारच्या गाळ्यात स्टीलच्या डब्यांना पॉलिश करणारा सदू डोकावून गेला. त्याला वाटलं काहीतरी पडलं.

उत्तमसरांचा धंदा लिफ्टच्या पॅनेलचा. पॅनेल म्हणजे लिफ्टच्या मशीन रूममधलं लोखंडी कपाट. लिफ्टनं कुठे जायचं, कधी थांबायचं ते तिथून चालतं. जुन्या पॅनेलात टकटक करणारे रिले, म्हणजे विजेवर आपोआप उघडझाप होणारे स्विच असायचे. खाडीच्या खाऱ्या हवेनं ते गंजले की लिफ्ट बंद. सरांनी ठरवलं, आपण चिपवाली पॅनेल द्यायची. बोर्डाचं डिझाइन संपदाचं, प्रोग्रॅमही तिचाच. आणि इमारतीत जाऊन पॅनेल बसवायचं काम बॉस्कोचं.

बॉस्को उत्तनचा. लिफ्टची वायरिंग करता करता त्याचे केस अर्धे पांढरे झाले होते. कमी बोलणारा माणूस. वायर ओढली की ती बोटांनी दोनदा खेचून बघायचा आणि मगच पुढे जायचा. संपदा त्याला 'बॉस्को अंकल' म्हणायची, तो तिला 'बाय' म्हणायचा.

पहिलं पॅनेल जेसल पार्कच्या सागरदीप सोसायटीत लागलं. सात मजल्यांची इमारत. लिफ्ट सुरू झाली त्या दिवशी पेढे वाटले. सरांच्या मनात मीरा रोडच्या एका बिल्डरच्या इमारती होत्या. सागरदीपची लिफ्ट बघूनच तो ऑर्डर देणार होता.

पंधरवडा बरा गेला. मग एक दिवस लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. वीज बंद करून चालू केली तर परत सुरू झाली. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. काही ठरलेलं नाही. कधी सकाळी, कधी संध्याकाळी. चिप आत गप्प बसायची, मग सुरक्षेचा रिले सुटायचा, मोटर बंद व्हायची आणि ब्रेक लागायचा. त्यामुळे इजा कोणाला झाली नाही. पण बंद पेटीत लटकून राहणं काय असतं ते आतल्या माणसालाच ठाऊक.

सोसायटीनं खाली ऑफिसात मीटिंग बोलावली. मी संपदाच्या पिशवीत होतो. सेक्रेटरी रोशनभाई म्हणाले, "देखो उत्तमभाई, आपका पॅनेल लगा तबसे ये तकलीफ है. पुरानी लिफ्ट आवाज करती थी, लेकिन ऐसे रुकती नहीं थी."

सगळे संपदाकडे बघायला लागले. नोकरीतलं तिचं पहिलंच मोठं काम. कानाच्या पाळ्या लाल झाल्या असणार, आवाज तरी तसा होता. "प्रोग्रॅम मी गाळ्यात आठवडाभर चालवून बघितलाय. एकदाही थांबला नाही. अर्थिंग सैल असेल तर असं होऊ शकतं."

"अर्थिंग मी सोता दिलेली हाय," दारापाशी उभा बॉस्को म्हणाला. "सैल न्हाय."

"अंकल, मग दुसरं काय असणार?"

"ते मला ठावं न्हाय. पण अर्थिंग न्हाय."

कारण सांगता येत नसलेल्या माणसाचं कोण ऐकतं? जिच्याकडे कारण होतं, तिचं ऐकलं गेलं. आणि संपदा खोटं बोलत नव्हती. आठवडाभर पॅनेल खरंच न थांबता चाललं होतं. फक्त त्या आठवडाभर मी त्याला लटकलेला होतो. ते तिनं धरलं नाही. मीही धरलं नाही. टेबलावरचा पंखा चालू होता हे कोणी धरतं का?

बॉस्कोनं सगळी अर्थिंग उखडून नव्यानं टाकली. तिथे मी नव्हतो, हे गाळ्यात ऐकलेलं. तो वर चढलेला असायचा आणि खाली कमिटीची माणसं आळीपाळीनं उभी राहून बघायची, जणू काही तो वायर चोरून नेणार होता. त्यानं बोटांनी प्रत्येक वायर दोनदा खेचली.

काम संपलं, तो हत्यारं गोळा करत होता आणि लिफ्ट थांबली. आत हंसामावशी होत्या. सहाव्या मजल्यावरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, गुडघ्यांनी अधू. पंखा बंद, दिवा बंद. त्या ओरडल्या नाहीत, दारावर नुसती थाप मारत राहिल्या. बॉस्को जिन्यानं धावत वर गेला, ब्रेक सोडून चाक हातानं फिरवत फिरवत लिफ्ट मजल्याला आणली आणि दार उघडलं. मावशी बाहेर आल्या त्या भिंतीला धरूनच. हातातली भाजीची पिशवी त्यांनी सोडली नव्हती.

त्याच वेळी रोशनभाई वर पोचले. "यही है ना वायरिंगवाला? दोबारा किया, फिर भी वही. उत्तमभाई, कल से ये आदमी बिल्डिंग में नहीं चाहिए."

दुसऱ्या दिवशी गाळ्यात उत्तमसर बॉस्कोला म्हणाले, "थोडे दिवस घरी थांब. लोक शांत होऊ देत."

बॉस्कोनं मशीन रूमची किल्ली टेबलावर ठेवली, माझ्या अगदी शेजारी. "थोडे दिवस म्हंजे काय, ते मला समजतं उत्तमशेठ." संपदा पडद्याकडे बघत बसली होती. त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं. "येतो बाय," म्हणाला आणि गेला.

त्याच आठवड्यात संपदा मला घेऊन सागरदीपच्या मशीन रूममध्ये गेली. गच्चीवरची ती खोली, खिडकीतून लांबवर मिठागरं दिसायची. तिनं मला पॅनेलला जोडलं, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि लिफ्ट कधी थांबते त्याची वाट बघत बसली. थांबली की मी चिपला विचारणार होतो, कुठे अडकलीस? पण लिफ्ट थांबलीच नाही. ती दिवसभर बसली, दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. लिफ्ट आपली वर-खाली, वर-खाली, शहाण्या मुलासारखी.

उत्तमसर वर आले. "चालतेय ना?"

"चालतेय सर. पण का चालतेय ते कळत नाही."

"डबी जोडल्यावर चालतेय?"

"तसं दिसतंय."

"मग राहू दे जोडलेली. लॅपटॉप घेऊन जा, डबी राहू दे."

"सर, ते तपासायचं साधन आहे. तो काही लिफ्टचा भाग नाही."

"संपदा, लोकांना लिफ्ट पाहिजे. राहू दे."

अशी माझी लिफ्टवर नेमणूक झाली. कॉम्प्युटरची केबल गुंडाळून खिळ्याला टांगली आणि राखाडी पट्टीनं मी चिपला धरून राहिलो. मला लागते तेवढी वीज मी पॅनेलातूनच घेतो, त्यामुळे मी जागा होतो. काम काही नव्हतं. चिपला काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही. मोटरला वीज जोडणारा मोठा स्विच, काँटॅक्टर, धाडकन बसायचा, मोटर गुरगुरायची, दोर सरकायचे. खालून माणसांचे आवाज यायचे. सगळे खूश. आणि खरं सांगतो, मीही खूश होतो. आपण नुसतं असल्यानं कुणाचं भलं होतंय, हे कोणाला आवडत नाही?

गणपती झाले, नवरात्र झालं. संपदा नेहमीच्या पाहणीला आली तेव्हा गच्चीवर रोशनभाई पाण्याची टाकी बघत होते. ते हसून म्हणाले, "देखा मॅडम? वो बॉस्को गया और लिफ्ट सुधर गई. आप बराबर बोली थीं."

संपदा मशीन रूममध्ये आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "त्या आठवड्यात दोन गोष्टी बदलल्या. अंकल गेले आणि तू आलास."

तिनं खाली जाऊन लिफ्ट रिकामी करून घेतली, दारावर वॉचमन उभा केला, वर आली आणि मला उपटलं. मग एकेका मजल्याचं बटण दाबल्यासारखी पॅनेलवरून लिफ्ट फिरवत राहिली. दुपार कलायच्या आत लिफ्ट चौथ्या-पाचव्याच्या मधे थांबली.

तिनं लगेच परत चालू केली नाही. स्टुलावर बसली आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला. बॉस्कोची अर्थिंग तिथेच होती, तीच, दोनदा खेचलेली. बदललो होतो तो फक्त मी.

तिनं लिफ्टवर 'काम चालू आहे' अशी पाटी लावली आणि मला गाळ्यात आणलं. सर चिडले. "अगं, चालत होती ना! आता सात मजले लोक जिन्यानं चढणार. मला फोन येणार."

"दोन-तीन दिवस द्या सर. चालत नव्हती ती. डबीनं धरून ठेवली होती."

गाळ्यात एक जादा पॅनेल होतं. ते तिनं सदूच्या गाळ्याला लागून असलेल्या भिंतीपाशी नेलं. पॉलिशची मोटर सुरू होताना वीज अशी काही खडखडते की आमच्याकडचा रेडिओसुद्धा खरखरायचा. मोठा काँटॅक्टर बसताना लिफ्टमध्ये तसंच होतं, असा तिचा हिशेब. मी नसताना पॅनेल चालू करून तिनं सदूला हाक मारली.

"सदूभाऊ, मोटर चालू करा."

चिप गप्प. पॅनेल थांबलं.

"बंद करा. आता परत."

मला जोडलं होतं. पॅनेल चाललं. काढलं, थांबलं. जोडलं, चाललं.

"मॅडम, ह्या मोटरीवर मी डबे पण पॉलिश करतो हां," सदू भिंतीपलीकडून ओरडला.

"एवढं एक काम करा माझं. जेवण माझ्याकडून."

मग तिनं कात्री घेतली. माझ्या राखाडी पट्टीत बऱ्याच वायरी एकमेकींना चिकटून असतात. तिनं त्या सोलून वेगळ्या केल्या आणि एक कापली. "चालू करा!" पॅनेल चाललं. दुसरी कापली. चाललं. ज्या वायरीतून मी चिपला विचारतो ती गेली, ज्या वायरीतून ऐकतो ती गेली, ज्या तालावर आम्ही बोलतो ती गेली. मी आंधळा झालो, मुका झालो, तरी पॅनेल चालतच होतं. म्हणजे माझ्या हुशारीचा त्यात काही भाग नव्हता. वीज देणाऱ्या दोन आणि आणखी एक, एवढ्याच वायरी उरल्या. तिनं ती एक कापली.

"चालू करा, सदूभाऊ."

पॅनेल थांबलं.

तिनं कापलेली टोकं बोटांनी पिळून जोडली. चाललं. सोडली. थांबलं. तिनं ती टोकं चिमटीत धरून ठेवली.

गोष्ट अशी होती. माझ्यासाठी ठेवलेल्या दाराला एक कडी असते. चिपचा एक पाय, जो सांगतो की तपासायला कोणी आलेलं नाही, तू तुझं काम कर. तो पाय एका छोट्या रेझिस्टरनं पक्का बांधायचा असतो. संपदाच्या बोर्डावर तो रेझिस्टर नव्हता. प्रोग्रॅम भरण्यापुरतंच हे दार आहे, भरून झालं की त्याचं काय काम, असं तिला तेव्हा वाटलं होतं. त्यामुळे तो पाय वाऱ्यावर लोंबकळत होता. काँटॅक्टर धाडकन बसला की त्यावर खडखडाट उठायचा आणि चिपला वाटायचं, दार वाजलं, कोणी आलं. ती हातातलं काम टाकून थांबायची. माझ्या प्रश्नाची वाट बघायची. आणि मी तिथे नसायचोच.

माझ्या डबीत मात्र तसा एक रेझिस्टर आहे, ओट्यावर बसून तिनंच लावलेला. मी जोडला असलो की कडी लागलेली असायची.

तिनं उत्तमसरांना सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं. ते वाईट माणूस नव्हते. "छान केलंस. आता असं कर. गुपचूप जाऊन तो रेझिस्टर लाव. सोसायटीला सांगू, प्रोग्रॅम नवीन टाकला. विषय संपला."

"आणि बॉस्को अंकल?"

"त्याला मी बोलावतो परत. समजूत घालतो."

"पण सर, तिथे सगळे समजतात त्यांची चूक होती."

"बिल्डर पुढच्या आठवड्यात लिफ्ट बघायला येतोय, संपदा. आपलंच डिझाइन चुकलं असं आपणच ओरडून सांगायचं? कोण घेईल मग आपलं पॅनेल?"

तिनं मला पिशवीत टाकलं, भाईंदर पश्चिमेला गेली आणि उत्तनच्या बसमध्ये बसली.

बॉस्कोचं घर चर्चच्या मागल्या वाटेवर. अंगणात बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील सुकत होते. बॉस्को ओट्यावर कोणाची तरी पाण्याची मोटर उघडून बसला होता. त्याची बायको आयडा मासे साफ करत होती. संपदानं चप्पल काढली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "अंकल, सॉरी. तुमची अर्थिंग बरोबर होती. चूक माझ्या बोर्डात होती."

बॉस्को काही बोलायच्या आत आयडानं सुरी खाली ठेवली. "तू काय ती मॅडम?"

"हो आंटी."

"तिकडं बोललीस ते लोकांसमोर ना? सगळ्या बिल्डिंगसमोर. आन सॉरी हिकडं, माज्या वट्यावर? हिकडं कोण हाय ऐकायला? ह्या मांजरी?"

"आयडा, बस कर," बॉस्को म्हणाला.

"काय बस कर? तवापासनं तू नीट जेवलेला न्हाय. मला दिसत न्हाय काय?"

संपदाचे डोळे भरले होते. तिनं पुसले नाहीत. बॉस्कोनं हातातला पाना बाजूला ठेवला आणि विचारलं, "काय व्हता, बाय?"

"एक रेझिस्टर. मी लावलाच नव्हता."

"एक?"

"एक."

तो मोटरीकडे बघत राहिला. हसेल असं मला वाटलं, पण हसला नाही. "चहा पी नि जा," एवढंच म्हणाला. "परतीची बस जाईल."

रविवारी सकाळी सागरदीपच्या ऑफिसात मीटिंग होती. लिफ्ट बंद, त्यामुळे झाडून सगळे आलेले आणि चिडलेले. उत्तमसर संपदाच्या कानाशी म्हणाले, "मी बोलतो. तू गप्प राहा." आणि तेवढ्यात ती उठून उभी राहिली.

"लिफ्ट थांबायची ती माझ्या चुकीमुळे. बोर्डाचं डिझाइन माझं आहे. त्यात एक भाग मी लावला नव्हता. बॉस्को अंकलच्या वायरिंगमध्ये काही दोष नव्हता, पहिल्यांदाही आणि दुसऱ्यांदाही. ह्याच खोलीत मी खात्री न करता त्यांच्यावर ढकललं. म्हणून ह्याच खोलीत सांगतेय."

मग सगळे एकदम बोलायला लागले. रोशनभाई म्हणाले, "मतलब हमने उस आदमी को खाली-फुकट निकाला?" एक गृहस्थ ओरडले, "आज सांगताय एक चूक होती. उद्या दुसरी निघेल. आमची पोरं जातात त्यातून!" त्यांचंही खोटं नव्हतं. उत्तमसर जमिनीकडे बघत बसले होते.

हंसामावशी खुर्चीतून म्हणाल्या, "मुली, आता नाही थांबणार हे कशावरून?"

"दाखवते मावशी. सगळ्यांसमोर दुरुस्त करते, सगळ्यांसमोर चालवते."

"मग मी बसते लिफ्टमध्ये," मावशी म्हणाल्या. "अडकलेही मीच होते."

"पर मावशी..." रोशनभाई म्हणाले.

"मी बसते म्हटलं ना."

तेव्हा दाराशी हालचाल झाली. बॉस्को उभा होता. कधी आला होता कोण जाणे; पांढरा शर्ट, बहुतेक चर्चमधल्या मिसाहून थेट आलेला. रोशनभाई उठून त्याच्याकडे गेले, काहीतरी पुटपुटले आणि त्याचा हात हातात घेतला. बॉस्कोनं घेऊ दिला.

संपदा त्याच्याजवळ गेली. "अंकल, तो रेझिस्टर तुम्ही लावा."

"मी लावणार न्हाय," बॉस्को म्हणाला. "तुजा हाय, तू लाव. मी बॅटरी धरतो."

मशीन रूममध्ये ती गुडघ्यावर बसली. बॉस्कोनं टॉर्चचा उजेड बरोबर जागेवर धरला. "सावकाश," तो म्हणाला. सोल्डरचा बारीक धूर वर गेला. तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर जागेवर बसला. मग सगळ्यांच्या देखत तिनं माझा कनेक्टर दाखवला, "हे आता इथे नसणार," असं म्हणून मला जमिनीवर ठेवलं आणि पॅनेल चालू केलं.

लिफ्ट मला दिसत नव्हती. फक्त ऐकू येत होतं. खालून लिफ्टचं दार ओढल्याचा आवाज आला. काँटॅक्टर धाडकन बसला. मोटर सुरू झाली. मावशी वर आल्या. खाली गेल्या. पुन्हा वर. प्रत्येक धाडला संपदा डोळे मिटायची. मी चिपला धरलेलं नव्हतं, तिच्याजवळही नव्हतो, आणि ती चालत होती. काही वेळानं कोणीतरी जिन्यातून ओरडून विचारलं, "मावशी, बास का?" लिफ्टमधून मावशींचा आवाज आला, "अजून दोन फेऱ्या." खाली कोणीतरी हसलं आणि मग बरेच जण हसले.

सगळं गोड झालं असं नाही. बिल्डरच्या कानावर गोष्ट गेली आणि त्यानं दुसरीकडून पॅनेल घेतली. उत्तमसर संपदाशी बरेच दिवस कामापुरतंच बोलायचे. बॉस्को परत कामावर आला नाही. सर दोनदा उत्तनला जाऊन आले, पण त्यानं हात जोडले. त्यानं स्वतःची वायरिंगची कामं सुरू केली आणि त्याची पहिली इमारत सागरदीपच्या बाजूची होती. रोशनभाईंनी मिळवून दिलेली. संपदा आणखी दोन वर्षं राहिली, मग ठाण्याला मोठ्या कंपनीत गेली. जाताना मला नेईल असं वाटलं होतं. तिनं माझी पट्टी नवीन लावली, झाकण पुसलं आणि मला गाळ्यातच ठेवलं. "इथे लागेल," म्हणाली.

सरांना मात्र एक सवय लागली. पॅनेल तयार झालं, कोणी म्हणालं 'चालतंय सर', की ते विचारायचे, "काय काय जोडलंय त्याला? सगळं काढ. मग सांग."

आता २००९ चाललंय. मागच्या महिन्यात बॉस्को गाळ्यात आला. केस आता पूर्ण पांढरे. वरसावेच्या एका इमारतीचं काम त्याला मिळालं होतं आणि त्याला पॅनेल हवं होतं. सरांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"चालतो ना?" बॉस्कोनं पॅनेलकडे बोट दाखवून विचारलं.

"चालतं. मी स्वतः बघितलंय."

"उघड. मला बगू दे."

मला वाटलं सर दुखावतील. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला, दार उघडलं आणि बाजूला सरकले. बॉस्कोनं चष्मा लावला आणि वाकून बराच वेळ बघितलं. मग पॅनेलच्या आतली प्रत्येक वायर बोटांनी खेचत गेला. सर टॉर्च धरून उभे होते.

मी आता खणात असतो. नव्या लॅपटॉपना माझी केबल बसेल असं तोंडच नसतं. काडेपेटीएवढा एक नवा डीबगर आलाय, तो भरभर काम करतो. माझी तक्रार नाही. पण एखाद्या गोष्टीजवळ मी इतके दिवस नुसता लटकून राहिलो आहे, की मला एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. एखादा माणूस गेला आणि सगळं सुधारलं, असं कोणी तुम्हाला सांगितलं, तर लगेच मान डोलवू नका. त्याच सुमाराला आणखी काय बदललं होतं, तेवढं विचारा. हात लावून बघा, काढून बघा, वेळ लागला तर लागू द्या. आणि तो माणूस निर्दोष निघाला, तर जिथे त्याचं नाव घेतलं होतं तिथेच जाऊन सांगा.

एवढं कराल तर मला भंगारात दिलंत तरी चालेल. साबणाची डबी मात्र धुऊन वापरा. चांगली आहे अजून.